‘लिसन’मधला मुका टी

इंग्लंडमधल्या लीड्सच्या पहिल्या हिवाळ्यात दिवस चारच्या आतच मावळायचा आणि नवरा कामावरून येईपर्यंत घरात बोलायला कोणी नसे. एका दुपारी शेजारच्या आजींनी दार वाजवून चहाला बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारते, पण मनात त्या आजीच. चहा पुढ्यात ठेवून त्यांनी टीव्ही लावला आणि म्हणाल्या, "आता पाऊण तास बोलायचं नाही हं, लव्ह."

टीव्हीवर ‘काउंटडाउन’ होतं. २ नोव्हेंबर १९८२ला चॅनल फोर ही इथली वाहिनी सुरू झाली, तेव्हा त्यावर सगळ्यात आधी लागला तो हाच कार्यक्रम. २००९पर्यंत त्याचं चित्रीकरण लीड्समध्येच व्हायचं, म्हणून आजींना तो अगदी घरचा. स्पर्धक एकेक स्वर किंवा व्यंजन मागत जातो, फळ्यावर नऊ अक्षरं लागतात, आणि घड्याळाचा काटा तीस सेकंद फिरेपर्यंत त्यांतून शक्य तितका लांब शब्द काढायचा. जितकी अक्षरं तितके गुण. नऊच्या नऊ वापरली तर दुप्पट, म्हणजे अठरा.

मला त्या दिवशी चार अक्षरांच्या पुढे काही सुचेना. फार वाईट वाटलं. माझं शिक्षण साताऱ्याला मराठी शाळेत झालं. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमच्यानंतर. पण पुढे सगळं कॉलेज इंग्रजीतून केलं, रोजची पत्रं इंग्रजीत लिहिते, मग हे का जमू नये?

कारण आजींनी ओळखलं. म्हणाल्या, "तुझे ओठ हलतायत." खरंच, मी अक्षरं जुळवून पुटपुटत होते. मराठीत तसंच शोधतो ना आपण! क, म, ल दिले की कमल होतं, कलम होतं. अक्षर कुठेही बसलं तरी आपला आवाज सोडत नाही. इंग्रजीत कानावर विसंबलं की फसायला होतं. आजींनी जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने सहा अक्षरं लिहिली, ओळीत नाही, गोलाकार: एस, आय, एल, ई, एन, टी. ओळीत लिहिलं की ‘सायलेंट’ दिसतं आणि डोळा तिथेच अडतो. गोलात अडत नाही. त्याच सहा अक्षरांत ‘लिसन’ आहे, ‘एनलिस्ट’ आहे, ख्रिसमसच्या झाडावरची चमकी ‘टिन्सेल’ आहे, ‘इनलेट्स’ही आहे. ‘सायलेंट’मधला टी बोलतो आणि ‘लिसन’मधला तोच टी मुका! तो कानाला कसा सापडणार? शाळेत या मुक्या अक्षरांसाठी मी छड्या खाल्ल्या आहेत. त्या पाकिटावर ती मला पहिल्यांदा सुंदर वाटली.

मग शिकवणी सुरू झाली. आय-एन-जी दिसले की उजवीकडे सरकवून ठेवायचे आणि उरलेल्यांतून धातू शोधायचा. ई-डी, ई-आर यांचंही तसंच. आर-ई, यू-एन डावीकडे. सी दिसला की एच, के जवळ आणून बघायचे. आणि काही म्हणजे काही दिसेनासं झालं की सगळी अक्षरं हाताने विस्कटून टाकायची. हा शेवटचा उपाय मला अजूनही सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आता रविवारी आम्ही स्क्रॅबल खेळतो: अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द करायचे, आणि इथे प्रत्येक अक्षराचे गुण वेगळे. मंदीत काम गेलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३८ साली हा खेळ रचला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्राची पानं मोजून ठरवलं. म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा. एस मात्र चारच, कारण अनेकवचनं करून खेळ फार सोपा झाला असता. आजी एस हातचा राखून ठेवतात. मला आनंद होतो तो ‘घी’, ‘नीम’, ‘लाख’ लावताना. आपली डाळ तर तिथे वेगवेगळ्या स्पेलिंगांनी चालते, त्यामुळे एच अडला की मी आधी डाळच आठवते.

गेल्या रविवारी पटावर आजींचा ‘गूस’, म्हणजे हंस, पडला होता. माझ्या पट्टीवर एम, ओ आणि एन. मी ते तीन ‘गूस’च्या आधी ठेवले: ‘मॉन्गूस’. अकरा गुण. मी सांगितलं, हा शब्द आमचा आहे, मुंगूस, मराठी. आजी उठल्या, जाडजूड शब्दकोश आणला, भिंग धरून मोठ्याने वाचलं: ‘फ्रॉम मराठी’. सतराव्या शतकाच्या शेवटी तो इंग्रजीत आला. स्पेलिंगमध्ये हंस शिरला तो नुसता आवाजाच्या साम्याने. मुंगसाचा आणि हंसाचा काही संबंध नाही. साताऱ्याला आमच्या परसात मुंगूस यायचं, त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो असं आई म्हणायची, तेही मी सांगितलं. आजींनी "मुंगूस, मुंगूस" असं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा अगदी बरोबर आलं.

"हंस नसेल तर याचं अनेकवचन ‘गीस’ होणार नाही," त्या म्हणाल्या, आणि राखून ठेवलेला एस त्यांनी शेवटी लावला.