जुनी डिझेल गाडी आणि दोन रंगांचा धूर

वापरलेल्या डिझेल गाडीतून धूर निघतोय म्हटलं की पहिलं निदान जवळपास ठरलेलं असतं: टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, गेला. मलाही तेच ऐकायला मिळालं. एका गॅरेजमध्ये टर्बो, दुसरीकडे चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग), आणि आणखी एका ठिकाणी तर थेट इंजिन उतरवायची भाषा. यांपैकी कुणीही गाडी थंड असताना सुरू करून पाहिली नाही, धूर नेमका कधी येतो हेही विचारलं नाही. माझ्या मते डिझेलच्या धुराचा सगळा तपास या ‘कधी’वर उभा आहे. रंगाचा विचार त्यानंतर.

म्हणून आधी काहीही न उघडता मी नुसतं लक्ष ठेवलं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की मागून पांढरा धूर यायचा. इंजिन थरथरायचं, एक सिलिंडर मिस होतोय असं वाटायचं, आणि थोड्या वेळात थरथर आणि धूर दोन्ही एकदमच थांबायचे. गरम इंजिन बंद करून लगेच सुरू केलं तर काही नाही. दुसरा धूर निराळा. गाडी चांगली तापलेली असताना चढावर किंवा ओव्हरटेक करताना पाय दाबला की आरशात काळा लोट दिसायचा, आणि पिकअप मात्र मिळायचा नाही. वेळा दोन, रंग दोन. म्हणजे बिघाडही बहुधा दोन, आणि ते एकाच महागड्या भागाच्या माथी मारायची घाई मला करायची नव्हती.

पांढऱ्या धुरात मोठी धास्ती असते ती हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची. ते फाटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये शिरलं तर त्याची पांढरी वाफ निघते, तिला गोडसर वास येतो, इंजिन तापलं तरी ती थांबत नाही आणि टाकीतलं कूलंट घटत जातं. मी टाकीवर मार्करने रेघ मारली आणि रोज सकाळी, इंजिन थंड असतानाच पातळी पाहिली. ती हलली नाही. शिवाय या धुराला कच्च्या डिझेलचा वास होता आणि जवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. हे न जळलेलं डिझेल होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेतं. थंड इंजिनात ही उष्णता कमी पडते, ती भरून काढायला प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग असतो. त्यातला एक मेला की त्या सिलिंडरमधलं डिझेल तसंच वाफाळत बाहेर पडतं.

तपासणी सोपी आहे. प्लगची वायर काढायची आणि मल्टिमीटर लावून प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स मोजायचा. तीन प्लगनी एक ओहमच्या आसपास आकडा दाखवला, चौथ्याचं सर्किटच तुटलेलं होतं. प्लग काढणं मात्र नाजूक काम. वर्षानुवर्षं कार्बनमध्ये रुतलेला प्लग जोर लावला की हेडमध्येच तुटतो, आणि मग हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं, इंजिन कोमट केलं, आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे असं करत प्लग सोडवून घेतला. चारही प्लग नवीन बसवले. पुढच्या सकाळी थरथर गेली, धुराची नुसती एक पुसट फुंकर उरली.

आता टर्बो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि माझ्या गाडीला तो नव्हता. तरी टर्बोवरचा संशय मी तसाच सोडला नाही, कारण टर्बोचं सील खरंच गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटू शकतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढला आणि शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. आडवा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, तेवढा चालतो. आतबाहेर ओढून पाहिलं तर प्ले नव्हता, आणि पाती कुठे घासल्याची खूण नव्हती. पाइपात ऑइलचा हलका थर होता. तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ परत हवेच्या पाइपात सोडणाऱ्या नळीतून येतो, एवढ्यावरून टर्बो बदलू नये. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर उघडून बॅक कॉम्प्रेशनही, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा दाबही पाहिला. धूर उसळत नव्हता.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर स्वच्छ होता. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काढून काजळी साफ केली, तो नीट मिटत होता. मग भावाला शेजारी बसवून स्कॅनरवर बूस्टचे, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचे आकडे वाचायला सांगितले. चढावर ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची मागणी 2200 मिलीबारची होती, पण प्रत्यक्ष आकडा 1600 च्या पुढे सरकेना. टर्बो धड आहे आणि दाब मिळत नाही, म्हणजे हवा वाटेत कुठेतरी गळतेय. एअर सेन्सरने ती आत येताना मोजलेली असते, त्या हिशोबाने डिझेल सोडलं जातं, आणि हवा मात्र सिलिंडरपर्यंत पोचत नाही. उरलेल्या डिझेलची काजळी होते.

टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज, म्हणजे रबरी पाइप, वरून अगदी नवा दिसत होता. खालच्या बाजूने हात फिरवला तर बोटांना तेलकट धूळ लागली, आणि तीही एकाच पट्ट्यात. होज काढून दुमडला तेव्हा क्लिपच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. सोडला की परत मिटायची. उभ्या गाडीत ती दिसणं शक्यच नव्हतं, दाब आला की ओठासारखी उघडत असणार. नवा होज आणि नव्या क्लिपा बसवल्या. त्याच चढावर आकडे जुळले, आरसा स्वच्छ राहिला आणि गाडीला पिकअप आला.

सकाळच्या त्या पुसट फुंकरीसाठी इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट करून घेतली, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत जमवून पाहिलं. चारही बाटल्यांत परतीचं डिझेल जवळपास सारखंच जमलं, म्हणून इंजेक्टरना हात लावला नाही. ही टेस्ट परतीच्या बारीक नळ्यांवर होते. हाय प्रेशरचे पाइप चालू इंजिनवर कधीही सैल करू नका, कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत) दाब 1600 बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो, आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.

जुनी डिझेल गाडी पाहायला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बॉनेटला हात लावून पाहा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असायला हवा आणि सायलेन्सरच्या टोकात बोट घातल्यावर काळं होत असेल, तर फिल्टर फुटलेला किंवा काढून टाकलेला असू शकतो. तो प्रश्न सौदा ठरण्याआधीच विचारा. माझ्या गाडीला डीपीएफ नाही, त्यामुळे बरेच दिवस हळू चालवून एकदम रेस दिली की काजळीचा एखादा भपका अजून येतो. तो लगेच विरतो आणि बूस्टचे आकडे बरोबर असतात, तोवर मी इंजिन उघडणार नाही.