तेरेखोलला हद्द शोधायला गेलो, त्याची गोष्ट

आप्पा आठ दिवस म्हापशाला आमच्याकडे राहून गेले. मंगेशी झालं, शांतादुर्गा झाली, पणजीचा बाजार झाला. सातव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "बाळ, गोव्याची हद्द समुद्रातनं जिथं वर येते, ती जागा दाव."

आप्पा साताऱ्याकडं भूकरमापक होते. उभा जन्म दुसऱ्यांचे बांध मोजण्यात गेला. लोक गोव्यात येऊन समुद्र बघतात, हे नकाशा बघत बसले होते. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तरेची हद्द, मग मुखाशी तेरेखोल गाव नदीपलीकडे असून गोव्यात कसं, हे त्यांना सलत होतं. "मोजणीवाल्यानं पहिली साखळी जिथं टाकली असंल, तिथं दगड असणारच."

रविवार होता. केरीला फेरीबोटीच्या रांगेत पाऊण तास गेला, कारण पुढच्या चार गाड्यांना बोटीच्या फळीवरच रील काढायचं होतं. सुट्टीच्या दिवशी केरीला जाऊ नये हे मला माहीत आहे, तरी मी दरवेळी जाते.

तेरेखोलचा किल्ला छोटा, आत सेंट अँथनीचं चर्च. तटावरून नदीचं मुख, केरीची वाळू आणि सुरूची रांग एका नजरेत येते. आप्पांनी ते दोन मिनिटांत उरकलं. सावंतवाडीकरांचा हा किल्ला पोर्तुगिजांनी 1746 मध्ये घेतला आणि पेडणे महाल त्यांच्याकडे कायमचा आला 1788 मध्ये. म्हणजे पल्याडचा डोंगर आधी, अल्याडचा मुलूख बेचाळीस वर्षांनी. हद्द नदीवर येऊन टेकली तरी किल्ला काही त्यांनी सोडला नाही. म्हणून ती रेघ मुखाच्या अलीकडेच नदी सोडून डोंगरावर चढते आणि गावाला वळसा घालून समुद्रात उतरते. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी याच तटावर तिरंगा लावला होता, हे मी सांगायला लागले, तोवर आप्पा गाडीत जाऊन बसले होते.

महाराष्ट्रातल्या रेडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हद्द म्हणजे काय, तर डांबराचा रंग बदलतो. आप्पांना ते अजिबात पटलं नाही. भर उन्हात उतरून ते कडेच्या झाडीत शिरले. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. वीसेक मिनिटांनी हाक आली, "घावला!"

जांभ्याच्या मातीत गुडघाभर रुतलेला चौकोनी खांब. वर शेवाळ, एका बाजूला कोरल्यासारखं काहीतरी. आप्पांनी घराच्या किल्लीनं हळूहळू खरवडायला घेतलं, मुलाच्या जखमेची खपली काढावी तसं. एक गोल निघाला. मग एक आडवी रेघ. मग स्पष्ट अक्षरं: ओ एफ सी. टेलिफोनच्या केबलची खूण. आप्पांनी किल्ली धोतराला पुसली आणि काही बोलले नाहीत. मला हसू आलं. तेव्हा हसायला नको होतं.

समोरच्या अंगणातून एक म्हातारी बाई हे सगळं बघत होती. "खंयचो फातर सोदता गो?" कुठला दगड शोधतोय ते मी सांगितलं. "सर्वेचो? रस्तो रुंद केलो तेन्ना गेलो आसतलो." मग आप्पांकडे बघून मराठीत, "तुम्ही मोजणीचे साहेब काय?"

झालं. तिच्या शेजाऱ्यानं नवा गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, घातला होता आणि तो आत सरकलाय असा तिचा संशय. आत जाऊन तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, आणला. आप्पांनी आयुष्यभर सातबारा पाहिलेला, हा कागद उलटसुलट करून बघितला. "किती गुंठे?" तिला गुंठा कळेना. तिचं सगळं चौरस मीटरमध्ये: चारशे. "म्हंजे चार गुंठ्याला जरा कमी," आप्पा म्हणाले, आणि चपला काढल्या.

त्यांची तेरा पावलं म्हणजे तेहतीस फुटी एक साखळी, आणि साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. जागा चौकोनी, म्हणून दोन साखळ्या लांब, दोन रुंद. लांबीला सव्वीस पावलं बरोबर आली. रुंदीला साडेचोवीस. पुन्हा मोजली, उलट्या बाजूनं. साडेचोवीसच. "जवळपास दोन आणे कमी हाय," ते म्हणाले. साखळीला सोळा आणे असतात, हे त्या बाईला कोण सांगणार? पण "कमी" तिला बरोबर कळलं. आप्पांनी बजावलं, "पावलांवर भांडू नका. सरकारी मोजणी मागवा, आन् त्या टायमाला इथं हजर राहा."

यात सव्वा तास गेला. मला भूक लागली होती, चिडचिड होत होती, आणि आप्पा अनवाणी त्या गडग्याशी उकिडवे बसून शेजाऱ्याच्या बाजूचे चिरे बोटानं चाचपत होते. त्या आठ दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मंगेशीलाही नाही.

बाईंनी कोकमं दिली, पैसे घेतले नाहीत. फेरीची रांग बघून आम्ही उलटे आरोंद्याहून, किरणपाणीच्या पुलावरून आलो. रस्त्यानं तेरेखोल सोडायचं तर आधी महाराष्ट्रात जावं लागतं, हे आप्पांना फार आवडलं.

रात्री त्यांची डायरी टेबलावर उघडी होती. "तेरेखोल. आरंभाचा दगड: मिळाला नाही." खाली पेन्सिलीनं त्या अंगणाचं टिपण, विहीर आणि दोन माडांसकट. गडग्याच्या जागी तुटक रेघ, आणि बाजूला: २ आ. कमी.