अ‍ॅट्रॉसिटी लागते, मग टिकत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. आदिवासी माणसाला मारहाण होते, पेपरात बातमी येते, नागपूरच्या संविधान चौकात निदर्शनं होतात, ‘अ‍ॅट्रॉसिटी लागली’ (म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला) असं सगळे म्हणतात. आणि काही वर्षांनी आरोपी सुटतात. हे कसं? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: साक्षीदार फुटले, पैसे चालले. तसंही होतं. पण सुटलेल्या खटल्यांचे कागद वाचलेत तर भोक बहुधा पहिल्या दोन दिवसांतच पडलेलं दिसेल. कोर्टात फक्त ते मोठं होतं.

सुरुवात फिर्यादीच्या पहिल्या पानापासून करू. ‘आरोपीने फिर्यादीस जातीवाचक शिवीगाळ करून हातबुक्कीने मारहाण केली’ हे वाक्य ठाणे अंमलदाराला तोंडपाठ असतं, आणि खटल्याचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. शब्द कोणता वापरला? कुठे उभं राहून? ऐकलं कोणी? या कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) दोन्हींना अपमान किंवा शिवी ‘लोकांच्या नजरेत येईल अशा जागी’ झालेली असावी लागते. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं या कलमांत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तेव्हा फिर्यादीत असं यायला हवं: ‘सायंकाळी साडेसहाच्या सुमारास नाक्यावरच्या चहाटपरीसमोर रस्त्यावर, टपरीवाला आणि दोन गिऱ्हाइकं हजर असताना, आरोपी मला म्हणाला, ए गोंडा, तुझी लायकी काय, आणि हातातल्या लोखंडी रॉडने माझ्या डाव्या मनगटावर मारलं.’ शिवी लिहायला अंमलदाराला संकोच वाटतो, फिर्यादीला तर जास्तच वाटतो. तरी ती जशीच्या तशी उतरली पाहिजे. ‘जातीवाचक’ हा निष्कर्ष आहे, तो न्यायाधीशाने काढायचा.

फिर्यादी गोंडी किंवा माडिया बोलणारा असेल तर दुभाष्या लागतोच. दुभाष्याचं नाव, पत्ता आणि सही त्याच कागदावर घ्या, नाहीतर उलटतपासणीत ‘तुम्हाला मराठी येत नाही, मग हे कोणी सांगितलं?’ या एका प्रश्नाला उत्तर उरत नाही. सहीआधी जबाब वाचून दाखवणं आणि प्रत ताबडतोब देणं हे पोलिसांचं कर्तव्य म्हणून कलम ४(२) मध्येच लिहिलेलं आहे. प्रत फुकट मिळते.

हल्ली एक नवी अडचण दिसते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३(३) मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. ठाण्यात ‘आधी चौकशी करू’ असं ऐकलंत तर लगेच अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १८अ दाखवा. या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि अटकेला कोणाच्या मंजुरीची गरज नाही, हे २०१८ ची दुरुस्ती स्पष्ट सांगते. तरीही नोंद होत नसेल तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा: ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक, शहरात उपायुक्त. पावती जपा. घटना गडचिरोलीत घडली आणि जखमी माणूस नागपुरात मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) भरती झाला, हे तर नेहमीचंच आहे. अशा वेळी हद्दीचं कारण चालत नाही. झिरो एफआयआर इथेच होतो आणि मग त्या ठाण्याकडे वर्ग होतो.

मेडिकल असो की मेयो (नागपुरातलं दुसरं सरकारी रुग्णालय), डॉक्टरला ‘पडलो’ म्हणून सांगू नका. लोक भीतीपोटी तसं सांगतात, आणि एमएलसीच्या (पोलीस प्रकरणातल्या वैद्यकीय नोंदीच्या) कागदावरचा तो एक शब्द सगळी फिर्याद खोटी पाडतो. कोणी, कशाने, कुठे मारलं हे तिथेच सांगा. खासगी दवाखान्याच्या चिठ्ठीला कोर्टात फारसं वजन नसतं.

जखमेबद्दल आणखी एक. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चांदा भागात आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखम नाही, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती, असा तो युक्तिवाद होता. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या गुन्ह्यात संबंध सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच धरायचं. बदल मोठा आहे. पण कागद वाचणाऱ्याची नजर अजूनही आधी जखमेवरच जाते, म्हणून वैद्यकीय तपासणीला एक दिवसही उशीर परवडत नाही.

आता कलमं. पोलीस सवयीने ‘३(१)(आर)(एस)’ टाकून मोकळे होतात, म्हणजे हाड मोडलेलं असलं तरी खटला शिवीचा होतो. अंगावरच्या गुन्ह्यासाठी ३(२)(व्हीए) आणि ३(२)(व्ही) आहेत. साधी दुखापत, विनयभंग, धमकी यांसारखे कायद्याच्या अनुसूचीतले गुन्हे पहिल्यात येतात. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर दुसरं, आणि त्याला जन्मठेप आहे. २०१६ पूर्वी या शेवटच्या कलमात ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा केल्याचं सिद्ध करावं लागत असे आणि तिथेच खटले कोसळत. आता समोरचा आदिवासी आहे हे आरोपीला ‘माहीत असणं’ पुरतं. आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर ते माहीत होतंच, असं कलम ८(क) धरून चालतं. म्हणून जुनी ओळख फिर्यादीत आलीच पाहिजे: एकाच गावचे आहेत, मुकादमानेच गावातून मजूर आणले, आधी एकत्र काम केलं. जमीन बळकावली असेल तर ३(१)(एफ) आणि (जी) विसरू नका. (जी) मध्ये वनहक्कही येतात.

जातीचा दाखला हा आणखी एक खड्डा. गुन्हा नोंदवायला व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) लागत नाही; कोणी मागितली तर ती अडवणूक आहे. उपविभागीय अधिकाऱ्याचा दाखला नसेल तर शाळेची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) देऊन ठेवा आणि मूळ दाखला आरोपपत्राआधी जोडा. लोक हमखास विसरतात ते वेगळंच: आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हेही कागदावर यावं लागतं. त्याच्या जातीचा पुरावा तपासात आलाच नाही तर बाकी सगळं असूनही कायदा लागत नाही.

नागपुरात जमातीच्या नावाचा घोळ तर कायमचाच. हलबा अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. हलबा-कोष्टी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं. गोंड-गोवारी यादीत आहे. नुसत्या गोवारींना नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये आदिवासी मानलं आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निकाल फिरवला. आपल्याला हे पटो न पटो, फिर्यादीवर दाखल्यातलंच नाव लिहा, एक अक्षरही इकडेतिकडे नको. छिंदवाडा, बालाघाट, मंडल्याहून वीटभट्टीवर आलेल्या मजुरांना ‘तुमची जात इथे चालत नाही’ असं सांगतात. नोकरी-आरक्षणाच्या बाबतीत ते खरं आहे. अत्याचाराच्या बाबतीत नाही. या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं.

तपास कोणी केला ते पाहा. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ७ सांगतो की तपास अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा नको. म्हणजे ग्रामीणमध्ये एसडीपीओ (उपविभागीय पोलीस अधिकारी), शहरात एसीपी (सहायक पोलीस आयुक्त). प्रत्यक्षात पंचनामा आणि जबाब एखादा पीएसआय (उपनिरीक्षक) घेतो आणि साहेबांची सही नंतर येते. बचावाचा वकील नेमकं हेच शोधत असतो. असा तपास अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमांपुरता बाद ठरतो, मारहाणीचा साधा खटला तेवढा उरतो. तुमचा जबाब घ्यायला कोण बसलंय, नाव आणि हुद्दा काय, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. आरोपपत्र साठ दिवसांत जायला हवं. उशीर झाला तर कारण लेखी द्यावं लागतं.

जामिनाच्या टप्प्यावर कलम १५अ उपयोगी पडतं. प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला वेळेत मिळाली पाहिजे आणि जामिनावर त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. हे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठामपणे सांगितलं. सकाळी दहाला शिपायाचा फोन आणि अकराला सुनावणी, ही सूचना नव्हे. कोर्टात उभं राहून मुदत मागा आणि तसं रोजनाम्यात (कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

पीडिताला सरकारकडून मिळणारी मदतीची रक्कम आदिवासी विकास विभागाकडे मागत बसू नका. गिरीपेठेतल्या आदिवासी विकास भवनात हेलपाटे घालून लोक दमतात. हे काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडचं. खुनात सव्वाआठ लाख: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्रानंतर. वारसांना दरमहा पाच हजार मूळ निवृत्तिवेतन आणि घरातल्या एकाला नोकरी, हेही नियमातच आहे. अपमानाच्या कलमाला एक लाख, त्यातले पंचवीस टक्के एफआयआरवर, पन्नास आरोपपत्रावर, बाकी शिक्षेनंतर. म्हणजे सुटका झाली तर शेवटचा हप्ता नाही. कलम हलकं पडलं तर मदतही हलकी पडते, हे ठाण्यातच लक्षात ठेवा. पैसे अडले तर जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता व नियंत्रण समितीकडे अर्ज करा. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी.

काम न करणाऱ्या अधिकाऱ्याचं काय? कलम ४ मध्ये सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे, पण अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसावा आणि आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. ही चौकशी आपोआप होत नाही. मागावी लागते, तारखांसकट.

चौकशी आयोगाबद्दलही लोक विचारतात, आणि नागपुरात विचारणारच. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात लाठीमार आणि चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. सीताबर्डीला त्यांचं स्मारक आहे. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोगही नेमला गेला. पण १९५२ च्या कायद्याखालचा आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तो कोणाला शिक्षा देत नाही, आणि त्याच्यापुढे दिलेला जबाब नंतर त्या माणसाविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. राजीनाम्याने नैतिक जबाबदारी संपते; फौजदारी जबाबदारीला एफआयआरच लागतो. मोर्चाच्या मागण्यांत ‘चौकशी आयोग नेमा’ पहिल्या क्रमांकावर लिहिण्याआधी याचा विचार व्हावा.

राहता राहिलं अपील. आरोपी सुटला किंवा जामीन मिळाला तर कलम १४अ खाली उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात, अपील करता येतं. मुदत नव्वद दिवस; सबळ कारण असेल तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे जास्तीत जास्त एकशे ऐंशी. नक्कल मिळायला लागणारे दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज दिल्यापासूनच. म्हणून निकाल लागला की कोर्टाच्या आवारात चर्चा करत उभं राहू नका, त्याच दुपारी नक्कल विभागात अर्ज टाका आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का नीट उमटलाय का ते बघूनच बाहेर पडा.