स्पष्टीकरण न देता

मी माझ्या पत्नीला मारत असे. एवढे एकच वाक्य, मागेपुढे काहीही न जोडता, समोरच्या माणसाकडे बघत उच्चारायला मला सुमारे सात महिने लागले. हा मजकूर आधी पत्नीने वाचला आहे. तिने दोन वाक्ये काढायला सांगितली, ती काढली.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पाळीप्रमुख आहे. दारूला शिवत नाही, पगार वेळेवर घरी आणतो, मुलीच्या शाळेतली पालकसभा चुकवत नाही. त्यामुळे बायकोला मारणारा माणूस म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर नेहमी दुसराच कोणीतरी येत असे. २०२२ च्या श्रावणात पत्नी मुलीला घेऊन संगमनेरला माहेरी गेली आणि महिन्याभराने तिथल्या न्यायालयाची नोटीस आली. सोबत संरक्षण अधिकाऱ्यांनी नोंदवलेला कौटुंबिक घटना अहवाल होता. तो वाचताना मला पश्चात्ताप झाला असे सांगायला आवडले असते, पण प्रत्यक्षात अपमान वाटला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमात मारहाणीच्या जोडीला शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही मोजलेला आहे, हे मला तेव्हाच कळले. पत्नीचे एटीएम कार्ड माझ्या पाकिटात असणे हा माझ्या लेखी घरच्या हिशेबाचा भाग होता. अहवालात तो आर्थिक छळाच्या रकान्यात होता.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी कलम १४ खाली मला समुपदेशनाला जाण्याचा आदेश दिला. असा आदेश झाला की पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते, आणि तेवढ्या काळात मी समजूतदारपणा दाखवून प्रकरण मिटवीन, अशा हिशेबाने सिन्नरमार्गे एसटीने संगमनेरला गेलो. पत्नी काय बोलली, माझ्या आईशी कशी वागली, भाजी किती वेळा करपली, याची टिपणे खिशात होती. समुपदेशक बाईंनी ती उघडूच दिली नाहीत. या कायद्याच्या २००६ च्या नियमांत, चौदाव्या नियमात, अशी तरतूद आहे की हिंसेचे कोणतेही समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात मांडता येणार नाही आणि ही गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगितली गेली पाहिजे. बाईंनी ती सांगितली आणि म्हणाल्या, ‘आता बोला.’ माझ्याजवळ बोलण्यासारखे काही उरले नव्हते. माझी सगळी वाक्ये ‘कारण’ने सुरू होत होती, नाहीतर ‘पण’ने संपत होती.

किती वेळा हात उचलला, या प्रश्नावर मी ‘चार वेळा’ असे उत्तर दिले, आणि ते प्रामाणिक होते. पत्नीने अर्जाला कालनिर्णयच्या तीन वर्षांच्या पानांच्या प्रती जोडल्या होत्या. दुधाचे खाडे ती तारखेखाली रेघ मारून लिहीत असे. त्या रेघांमध्ये काही बारीक फुल्या होत्या. ते पान स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे लटकत होते आणि त्या फुल्याही दुधाच्याच असतील असे मी धरून चाललो होतो. त्या सतरा होत्या. मी त्यांतल्या तेरा विसरलो होतो, आणि विसरू शकलो होतो हेच मला पुढे जास्त टोचत राहिले.

‘राग अनावर होतो’ हा माझा शेवटचा बालेकिल्ला होता. बाईंनी विचारले, कारखान्यात व्यवस्थापकांनी चारचौघांत झापले तेव्हा काय केले? ‘हो साहेब’ म्हणालो होतो. मग त्यांनी घरात फेकलेल्या वस्तूंची यादी करायला लावली. तिच्या माहेरची पितळी परात, तिचा मोबाईल, तिची शिलाईची पेटी. माझी एकही वस्तू त्यात नव्हती. इतकी पारख करून फेकणाऱ्या माणसाला आपला राग अनावर झाला होता असे म्हणता येत नाही. पुढच्या भेटीत त्यांनी एका चक्राची मराठी प्रत दिली. अमेरिकेतील डुलुथ शहरात १९८४ च्या सुमारास, मारहाण सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून ते तयार झाले. त्याच्या मध्यभागी ‘सत्ता आणि नियंत्रण’ असे शब्द आहेत आणि मारहाण कडेला, धावेवर आहे. आतल्या आठ आऱ्यांमध्ये धाक घालणे, एकटे पाडणे, घडलेले किरकोळ ठरवणे, मुलांचा वापर करणे असे प्रकार येतात. आठांपैकी सात आमच्या घरात होते.

शिकलेले तंत्र मी कसे वाकडे वापरले, तेही लिहिले पाहिजे. आवाज चढू लागला, जबडा आवळला गेला की ‘मी अर्ध्या तासाने परत येतो’ असे सांगून बाहेर पडायचे, चालायचे आणि सांगितलेल्या वेळी परत यायचे, असा नियम होता. तेव्हा पत्नी संगमनेरलाच होती आणि मुलीच्या खर्चाबद्दल आमचे फोनवर बोलणे होत असे. ती पैशांचा विषय काढी, मी ‘मला थांबायची गरज आहे’ म्हणून फोन ठेवी आणि दोन दिवस उचलत नसे. मला ती प्रगती वाटत होती. आपल्याकडे अबोला म्हणजे भांडण टाळणे, असे समजण्याची पद्धत आहे. मी तोच जुना अबोला नव्या नावाने धरला होता, आणि तो उघडकीला आला तो पत्नीने बाईंना सांगितले म्हणून. त्यानंतर नियमात एक भर पडली: परत आल्यावर जो विषय सोडला होता त्याच विषयावर, तिला हवे असेल तर, मीच बोलणे सुरू करायचे.

न्यायालयाने सांगितलेले समुपदेशन संपल्यावर मी नाशिकला स्वतःच्या खर्चाने दीड वर्ष जात राहिलो. आईला ते पटले नाही. ‘पुरुषाचा राग आहे, तेवढे चालायचेच,’ हे ती मला लहानपणापासून सांगत आली होती, आणि तिनेही ते सोसूनच शिकले होते. तिच्याशी मी वाद घातला नाही. पत्नीबद्दलची तक्रार माझ्याजवळ करायची नाही, एवढेच सांगितले.

पत्नी चौदा महिन्यांनी परत आली, स्वतःच्या अटींवर. कार्ड तिच्याकडे आहे, संगमनेरची खोली तिने सोडलेली नाही आणि संरक्षण आदेश कायम आहे. तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आदेश रद्द करून घेऊ या का, असे मी एकदाच विचारले. ती ‘नको’ म्हणाली. मी ‘का’ असे विचारले नाही.

माझी किल्ली कुलपात फिरली की मुलगी अजूनही टीव्हीचा आवाज कमी करते. ती आता अकरा वर्षांची आहे. ‘कशाला कमी केलास, मी काही बोललो का?’ असे मी सुरुवातीला हसून म्हणत असे. बाईंनी ते थांबवायला सांगितले, कारण त्यातही मला तिच्याकडून निर्दोष असल्याची पावतीच हवी होती. आता मी चपला काढतो, हातपाय धुतो आणि आवाजाबद्दल काही बोलत नाही.