लँकेस्टरमधलं आडबाजूचं थडगं

फिलाडेल्फियाहून रेल्वेने लँकेस्टरला येणारे बहुतेक जण मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या बग्ग्या बघायला येतात. मीही बघितल्या. सेंट्रल मार्केटमध्ये काकवीचा ‘शूफ्लाय पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ खाल्ला. इतका गोडमिट्ट, की अर्धा तसाच राहिला. पण मला जायचं होतं वेस्ट चेस्टनट आणि मलबेरी या रस्त्यांच्या कोपऱ्यावर. तिथे एका लहानशा दफनभूमीत थॅडियस स्टीव्हन्स आहे, गुलामीविरुद्ध लढलेला अमेरिकी खासदार.

१७९२ सालचा, व्हर्माँटचा जन्म. एक पाय जन्मापासून वाकडा, बाप परागंदा, शिकवलं ते आईने. गेटिसबर्गला वकिली सुरू केली आणि १८२१ मध्ये एक खटला जिंकला, तो चक्क गुलामाच्या मालकाचा! चॅरिटी बटलर नावाची बाई मुलांसकट पुन्हा गुलामीत गेली. हे वाचल्यावर मी या माणसावर बरेच दिवस रागावले होते. पुढे मात्र पळून आलेल्या गुलामांचे खटले तो फुकट चालवायचा.

पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा रद्द होणार होता, तो याच्या एका भाषणाने तरला. मग वॉशिंग्टन, म्हणजे अमेरिकेची संसद. गुलामी संपवणाऱ्या तेराव्या आणि समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी तो झटला. यादवी युद्धात, १८६३ मध्ये, गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. शेवटच्या वर्षी चालवत नव्हतं, तर खुर्चीत बसवून सभागृहात नेत.

ऑगस्ट १८६८ मध्ये तो गेला. दगडावरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवलेला: एकांताची आवड म्हणून मी इथे नाही. बाकीच्या दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट आहे, म्हणून जन्मभर जे मांडलं ते मरणातही दाखवायला ही जागा निवडली, अशा अर्थाचा. मी तो तीनदा वाचला. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांत माझ्या डोळ्यांसमोर आजवर फक्त लिंकन असायचा.

साउथ क्वीन स्ट्रीटवरचं स्टीव्हन्सचं घर आता कन्व्हेन्शन सेंटरच्या पोटात आहे. तिथे लिडिया हॅमिल्टन स्मिथ वीसेक वर्षं त्याचं घर सांभाळत होती. मिश्रवंशाची विधवा; पुढे स्वतःच्या हिमतीवर घरं विकत घेणारी. त्यांचं नातं नेमकं काय, यावर तेव्हाही कुजबुज होती. तिला पुरलं कॅथलिक दफनभूमीत, गावात दुसरीकडे. पण मृत्युपत्रात तिने त्याच्या थडग्याच्या देखभालीसाठी पैसे ठेवले होते.