क्योटोमधली वाम

क्योटो, १८ जुलै, रात्री अकरा

आजच्या जेवणाला माणशी २२,००० येन पडले, म्हणजे आपले सुमारे साडेबारा हजार रुपये. सहलीच्या हिशेबाच्या वहीत हा आकडा लिहून झाल्यावर नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि वही काही न बोलता मिटून ठेवली. एवढे पैसे नेमके कशाचे दिले, हे आठवण ताजी आहे तोवर लिहून काढावे म्हणून झोप बाजूला सारून बसले आहे.

गिओन भागातल्या एका गल्लीत आठ खुर्च्यांचे हे काइसेकी, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लहान लहान पदार्थांच्या जपानी जेवणाचे, उपाहारगृह आहे. हॉटेलमार्फत जागा राखून ठेवतानाच त्यांच्या अटी आल्या होत्या: आयत्या दिवशी रद्द केल्यास पूर्ण रक्कम भरावी लागेल, सर्वांनी सहाच्या ठोक्याला हजर राहावे, अत्तर लावून येऊ नये, आणि जे चालत नाही ते आधी कळवावे. नवरा शाकाहारी असल्यामुळे शेवटची अट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती, कारण जपानी स्वयंपाकात मासे नकोत म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. भाजी ज्यात शिजते ते ‘दाशी’ नावाचे पाणीच बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचे असते. तेही चालणार नाही, असे कळवल्यावर दोन ठिकाणांनी नम्रपणे नकार दिला होता. या तिसऱ्यांनी दोन दिवसांचा अवधी मागून होकार दिला.

काइसेकीचे मूळ चहाच्या विधीत आहे. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने घट्ट चहापूर्वी पोटाला आधार म्हणून एक सूप आणि तीन पदार्थ एवढेच साधे जेवण रूढ केले. उपाहारगृहांतली आजची काइसेकी मात्र मद्यपानाच्या मैफलींच्या अंगाने वाढलेली आहे, आणि म्हणूनच चहाच्या जेवणात अगदी सुरुवातीला येणारा भात इथे सगळ्यांत शेवटी येतो. काय खायचे हे पाहुण्याने ठरवायचे नसते. ते ऋतू ठरवतो आणि ऋतूच्या वतीने आचारी ठरवतो. १९७०च्या दशकात जपानला येऊ लागलेल्या फ्रेंच आचाऱ्यांवर याच पद्धतीचा प्रभाव पडला, आणि लहान लहान पदार्थांची लांबलचक मालिका तिकडच्या महागड्या टेबलांवर येण्यामागे तो होता, असे मानतात.

जुलैतल्या क्योटोत ऋतूचा कौल एकच असतो: हामो हा मासा. काल ज्या गिओन उत्सवाची मिरवणूक आम्ही उन्हात उभे राहून पाहिली, त्याला इथले लोक हामोचा उत्सवही म्हणतात. क्योटो समुद्रापासून दूर आहे. बर्फाची सोय नव्हती त्या काळात भर उन्हाळ्यात किनाऱ्यावरून इथवर जिवंत पोहोचणारा चिवट मासा म्हणजे हा हामो, आणि तेव्हापासून तो या शहराच्या उन्हाळ्याला चिकटला आहे. आचाऱ्याने तो फळीवर आडवा टाकला तेव्हा मी पुढे वाकून पाहिले, कारण तो लांब, सापासारखा, टोकदार जबड्याचा मासा माझ्या पूर्ण ओळखीचा होता. आपल्या बाजारात मिळणारी वाम याच कुळातली! आमच्या मालवणी घरात वामीचे कालवण होत असे, आणि शेपटाकडचा तुकडा आपल्या ताटात पडू नये यासाठी आम्हा भावंडांत चढाओढ असे, कारण त्या भागात काट्यांशिवाय फारसे काही हाती लागत नाही.

वामीच्या मांसात बारीक काटे इतके खोलवर रुतलेले असतात की ते उपटून काढणे शक्य नसते. आपण त्यावर तिखट-आंबट रस्सा आणि सवयीची जीभ हा उपाय काढला. क्योटोने सुरी काढली. पोटाकडून उघडलेला मासा कातडी खाली ठेवून पसरायचा आणि जड, रुंद पात्याच्या सुरीने मांस व काटे कापत जायचे, पण कातडीला धक्का लागू द्यायचा नाही. साधारण ३ सेंटिमीटरमध्ये २४ काप घालावेत, असा या विद्येतला दंडक सांगतात. आचारी सुरी उचलत नव्हता, पुढे लोटून सोडत होता, आणि प्रत्येक कापाला कोरडा, करकरीत आवाज येत होता. काटे तुटण्याचाच तो आवाज. मग दोन बोटे रुंदीचे तुकडे करून त्याने ते उकळत्या पाण्यात सोडले. कातडी आकसली, कापलेले मांस पाकळ्यांसारखे बाहेर उलटले आणि तुकडा पांढराशुभ्र फुलून आला.

तो आमच्यासमोर आला काळ्या लॅकरच्या झाकणदार वाडग्यात. झाकणावर पाण्याचे बारीक तुषार मारलेले होते, आणि ते विस्कटलेले नाहीत याचा अर्थ तुमच्याआधी हा वाडगा कुणी उघडलेला नाही, असे वाढणाऱ्या बाईंनी सांगितले. आतल्या वाफेमुळे झाकण घट्ट बसले होते. वाडग्याच्या कडा बोटांनी किंचित दाबल्यावर ते सुटले. आत पारदर्शक पाणी, त्यात हामोचा एक तुकडा, हिरव्या युझूची, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका फळाची, एक चकती. बस्स. पहिला घोट घेतला तेव्हा मीठ कमी आहे असे वाटले, दुसऱ्याला वाटले नाही, आणि वाडगा संपेपर्यंत लक्षात आले की अत्तराची ती अट शिष्टपणाची नव्हती.

या पाण्यासाठी होक्काइदोच्या रिशिरी बेटाकडची कोंबू ही समुद्री वनस्पती क्योटोच्या मृदू पाण्यात ६० अंशांच्या आसपास तासभर ठेवतात, मग ती काढून पाणी थोडे अधिक तापवतात, बोनिटोचा किस टाकतात आणि लगेच गाळून घेतात. उकळी आली की चव बिघडते. क्योटोतच जन्मलेल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८मध्ये कोंबूतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. नवऱ्याच्या वाडग्यात बोनिटोऐवजी सुकवलेल्या शिताके अळंब्यांचे पाणी होते आणि हामोच्या जागी तिळाचे मऊ तोफू. ते मी चाखून पाहिले. माझ्यापेक्षा गडद, मातकट चव होती, आणि खरे सांगायचे तर माझ्या पाण्याहून ती जास्त वेळ जिभेवर राहिली.

पुढच्या सगळ्या पदार्थांविषयी एवढे लिहिण्यासारखे नाही. ऋतूचे देखणे तबक हास्सुन फोटोत छान आले, पण थंडगार घासांची चव एकमेकांत मिसळून गेली. मिठात भाजलेला आयू हा नदीतला लहान मासा डोक्यासकट, काट्यासकट खायचा होता. त्याच्या पोटातला कडूपणा कारल्याची सवय असलेल्या माणसाला मुळीच खटकू नये. नवऱ्याला मिळालेले मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लावून भाजलेले कामो वांगे, गोल आणि मुठीहून मोठे, त्या क्रमातला सर्वांत सरस पदार्थ होता. गोमांसाचा एक तुकडाही आला, तो मी नाकारला. तो बहुधा परदेशी पाहुण्यांसाठी घुसवला असावा, कारण उरलेल्या जेवणाशी त्याचे काहीच नाते नव्हते.

पंगतीतल्या आग्रहावर वाढलेल्या मला सर्वांत अवघड गेली ती गोष्ट अशी, की इथे कशाचेही पुन्हा मागता येत नाही. आवडलेले दोन घासांत संपते. याला अपवाद फक्त शेवटच्या भाताचा. मातीच्या भांड्यात शिजलेला भात, लोणची आणि मिसो सूप समोर आले आणि बाईंनी आणखी हवा का, असे आपणहून विचारले. नवऱ्याने भांड्याच्या तळाची खरपूस खरवड मागून घेतली. त्याला ताकाची आठवण झाली असणार, कारण त्याने विचारलेच की हे दही लावत नाहीत का. नंतर पिकलेल्या खरबुजाच्या दोन फोडी आल्या आणि जेवण संपले.

टिप इथे देत नाहीत, त्यामुळे हिशेब सरळ होता. परतताना नवऱ्याचा मुद्दा असा, की माझ्या वाट्याला मासे होते आणि त्याच्या वाट्याला वांगे, तरी पैसे सारखेच कसे? मला वाटते आपण पैसे मालाचे दिलेच नाहीत. वाम आपल्याकडे याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. पैसे गेले ते त्या कापांना, आणि त्याच्यासाठी दोन दिवस आधी वेगळे पाणी मुरवत ठेवणाऱ्याला. त्याला हे अर्धेच पटले. उद्या दुपारी आराशियामाच्या तेनर्यू-जी मंदिरातल्या उपाहारगृहात जायचे ठरले आहे, तिथे मुळातच मासे शिजत नाहीत आणि खर्चही बराच कमी आहे. त्याने वहीत त्याचा अंदाज आत्ताच लिहून ठेवला आहे.