कोबा, पन्हळ आणि शेवटचा हप्ता

गच्ची गळते हे पुण्यात बहुतेकांना जूनमध्ये कळते आणि कंत्राटदाराची शोधाशोध जुलैमध्ये सुरू होते. वास्तविक हे काम फेब्रुवारी ते मे या महिन्यांतले आहे, कारण ओल्या स्लॅबवर घातलेला कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा पाणी अडवणारा थर, आतली ओल कोंडून ठेवतो आणि भर पावसात बोलावलेला कंत्राटदार सांगेल तो भाव द्यावा लागतो. सहकारनगरमधील आमच्या घराची गच्ची आणि मागच्या पडवीवरचे पत्रे यांचे काम आम्ही यंदा उन्हाळ्यातच करून घेतले.

कोटेशन मागवले की चौरस फुटाचा दर हाती येतो, पण त्या दरात काय काय धरले आहे, हे लिहिलेले नसेल तर त्याला काही अर्थ नाही. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जुन्या कोब्याचा. तो फोडून स्लॅब उघडा करणार, की त्याच्यावरच नवा थर चढवणार? चार इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचे वजन चौरस फुटाला पंधरा ते वीस किलोपर्यंत भरते, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पंधरा-वीस टनांचा जादा भार येतो. जुन्या घराच्या स्लॅबवर तो टाकण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायलाच हवे. आमच्याकडे आलेल्या एका कंत्राटदाराने फोडकामाची मजुरी आणि राडारोडा नेण्याचा टेम्पो वाचवण्यासाठी वरच्या वर थर देण्याचा आग्रह धरला, शिवाय निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ मागितली. त्याला आम्ही काम दिले नाही. राडारोडा कोण उचलणार आणि कुठे टाकणार, हेही करारात लिहून घ्यावे, नाहीतर तो नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी जाऊन पडतो, आणि याची मला मनापासून चीड आहे.

ज्या मिस्त्रींना काम दिले, त्यांनी कोबा फोडल्यावर कठड्याच्या कोपऱ्यातला भुसभुशीत झालेला गिलावा बोटाने उकरून दाखवला. पाणी गच्चीच्या मधून नव्हे, तर स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात त्या सांध्यातून उतरत होते. त्यामुळे कडेने गोलाई देऊन भरलेला वाटा, तो कठड्यावर किती उंच चढवायचा आणि पाइपाच्या तोंडाशी सांधा कसा बंद करायचा, हे आम्ही कागदावर आणले. ढाळ शंभराला एक, म्हणजे दहा फुटांना साधारण सव्वा इंच ठरला. तो लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी मोजायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून आमच्यासमोर तपासला गेला. कोबा वाळल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवले आणि खालच्या छताला ओल येत नाही, हे पाहूनच वरच्या चायना चिप्स, म्हणजे चकचकीत टाइल्सचे तुकडे, बसवू दिल्या.

पन्हळीकडे कंत्राटदार किरकोळ काम म्हणून पाहतात, हे मला अजिबात पटत नाही. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर हजार चौरस फुटांवरून सुमारे साडेचार हजार लिटर पाणी वाहते. पन्हळीचा उतार चुकला किंवा पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला, तर तेच पाणी भिंतीत शिरते. पन्हळीचे क्लॅम्प किती अंतरावर, जोड कशाने बंद करणार, पत्र्याच्या स्क्रूंना रबरी वॉशर कोणते, ही कलमे स्वतंत्र लिहावीत आणि प्रत्येकाचा दर वेगळा घ्यावा.

'दहा वर्षांची गॅरंटी' या तोंडी शब्दांवर विसंबू नये. कशाची हमी, गळती झाल्यास किती दिवसांत येणार, साहित्याचा खर्च कोणाचा, हे लेखी असावे आणि पैसे पक्क्या बिलावर द्यावेत; सेवेतील त्रुटीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागायची वेळ आली, तर हीच कागदपत्रे लागतात.

पैशांचे हप्ते आम्ही तारखांशी न बांधता कामाच्या टप्प्यांशी बांधले आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा ठरवला. मिस्त्रींना ते सुरुवातीला रुचले नाही, कारण मजुरांचे पैसे त्यांना दर शनिवारी चुकते करावे लागतात, आणि ही अडचण खरी आहे. म्हणून आधीचे हप्ते आम्ही एक दिवसही न लांबवता दिले. पावसात मागच्या पन्हळीचा एक जोड ठिबकू लागला, तेव्हा ते निरोप मिळताच आले, जोड उघडून पुन्हा बसवला आणि उरलेली रक्कम घेऊन गेले.